नेटवर्क प्रोजेक्टर आणि दूरस्थ चित्रदर्शनाची सुरक्षा

नेटवर्क प्रोजेक्टर म्हणजे चित्र दाखवण्यासाठी किंवा नियंत्रणासाठी संगणकांच्या जाळ्याला जोडलेला प्रक्षेपक होय. एका संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीचे चित्र जाळ्यामार्फत दुसऱ्या ठिकाणच्या पडद्यावर उमटवण्याच्या पद्धतीला दूरस्थ चित्रदर्शन म्हणतात. या दोन्हींच्या सुरक्षेत मुख्यतः तीन प्रश्न येतात: पडद्यावर चित्र कोण उमटवू शकतो, पडद्यावरचे चित्र कोण पाहू शकतो आणि उपकरणाला आज्ञा कोण देऊ शकतो.

प्रोजेक्टर पूर्वी एका केबलने एकाच संगणकाला जोडलेला असे. त्यामुळे या तिन्ही प्रश्नांचे उत्तर केबलच देत असे. ज्याच्या हाती केबलचे टोक, त्याच्या हाती पडदा. केबलची जागा जाळ्याने घेतल्यावर हे उत्तर नाहीसे झाले आणि परवानगीची वेगळी व्यवस्था करावी लागली. १९८४ नंतर घडलेल्या अनेक प्रणालींनी ही परवानगी व्यक्तीशी न जोडता जागेशी जोडली. ठरावीक यंत्रावरून, ठरावीक जाळ्यातून किंवा ठरावीक खोलीतून आलेली जोडणी विश्वासार्ह मानली गेली. या क्षेत्रात आढळलेल्या सुरक्षा-दोषांपैकी बरेच दोष या गृहीतकाशी निगडित आहेत.

संकल्पना

जाळ्याला जोडलेल्या प्रोजेक्टरला साधारणपणे तीन वेगळे प्रवेशमार्ग असतात.

पहिला मार्ग चित्राचा. सादरकर्त्याच्या संगणकाच्या पडद्यावरील चित्र संकुचित करून या मार्गाने प्रोजेक्टरकडे पाठवले जाते. हा मार्ग कूटबद्ध नसेल, तर त्याच जाळ्यावरून जाणारी माहिती टिपणाऱ्या व्यक्तीला बैठकीतील कागदपत्रे, रुग्णाचे अहवाल किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका खोलीत न येताही पाहता येते.

दुसरा मार्ग नियंत्रणाचा. प्रोजेक्टर चालू-बंद करणे, चित्राचा स्रोत बदलणे, आवाज कमी-जास्त करणे, दिव्याचे वापरलेले तास विचारणे इत्यादी आज्ञा या मार्गाने जातात. मोठ्या संस्थेतील शेकडो प्रोजेक्टर एका ठिकाणाहून सांभाळण्यासाठी हा मार्ग वापरतात.

तिसरा मार्ग व्यवस्थापनाचा. उपकरणाचा पासवर्ड, वाय-फायची माहिती आणि फर्मवेअर बदलण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये बहुधा एक लहान वेब सर्व्हर असतो. आधुनिक प्रोजेक्टर हा दिवा आणि भिंग जोडलेला संगणकच असल्यामुळे या मार्गातील दोषाचा परिणाम पडद्यापुरता राहत नाही. उपकरणाचा ताबा मिळवणाऱ्याला तेथून आतील जाळ्यावरील इतर यंत्रांपर्यंत पोहोचता येऊ शकते.

दूरस्थ चित्रदर्शनात याखेरीज चौथा मार्ग असतो, तो कळफलक आणि माउस यांचा. दूरच्या संगणकाचे नुसते चित्र दिसत नाही, तर त्यावर कामही करता येते. म्हणून तेथे चित्र पाहण्याची परवानगी चुकीच्या हाती जाणे हे बहुधा संपूर्ण संगणक चुकीच्या हाती जाण्यासारखे ठरते.

इतिहास

दूरस्थ चित्रदर्शनाची सर्वाधिक प्रभावी ठरलेली पहिली प्रणाली म्हणजे एक्स विंडो सिस्टीम होय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे १९८४ मध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी तिची सुरुवात केली. या संस्थेच्या ‘प्रोजेक्ट अथीना’ या उपक्रमात निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक वापरले जात होते. कोणत्याही यंत्रावर चालणारी आज्ञावली कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर दिसावी, ही त्या उपक्रमाची गरज होती. प्रणालीची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढील सर्व विकास तिच्याच पायावर झाला.

इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी व ओरॅकल यांच्या संशोधन प्रयोगशाळेत ‘व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग’ म्हणजेच व्हीएनसी ही प्रणाली तयार झाली. १९९८ मध्ये ती मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध करण्यात आली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत ‘रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल’ म्हणजेच आरडीपी आणला.

प्रोजेक्टरच्या बाबतीत याच पद्धती थोड्याफार फरकाने पुढे आल्या. विंडोज व्हिस्टामध्ये नेटवर्क प्रोजेक्टरशी जोडणी करण्याची सोय होती आणि तिच्यासाठी आरडीपीचा वापर केला जात असे. जपानमधील कार्यालयीन यंत्रे व माहिती प्रणाली उद्योगांच्या जेबीएमआयए या संघटनेने निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रोजेक्टरांसाठी ‘पीजेलिंक’ हा समान नियंत्रण संकेत ठरवला. ॲपलने २०१० मध्ये एअरप्ले आणि वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये मिराकास्ट आणल्यानंतर केबलविना सादरीकरण सर्वसामान्य झाले.

एक्स विंडो सिस्टीम

सर्व्हर आणि क्लायंट

एक्स विंडो सिस्टीममध्ये सर्व्हर आणि क्लायंट या शब्दांचा वापर नेहमीच्या समजुतीच्या उलट वाटतो. ज्या यंत्राला पडदा, कळफलक आणि माउस जोडलेले असतात, तेथे एक्स सर्व्हर चालतो. चित्र काढू इच्छिणारी आज्ञावली ही क्लायंट असते आणि ती जगात कोठेही असू शकते. सर्व्हर टीसीपीच्या ६००० या पोर्टवर क्लायंटची वाट पाहतो. एकाच यंत्रावर अनेक पडदे असल्यास ६००१, ६००२ असे पुढील पोर्ट वापरले जातात. थोडक्यात, पडदा स्वतः दार उघडून बसलेला असतो आणि कोणाला आत घ्यायचे, हे त्याला ठरवावे लागते. नेटवर्क प्रोजेक्टरची स्थितीही अशीच असते.

यंत्रावर आधारित परवानगी

सर्वांत जुनी पद्धत यंत्राच्या नावावर किंवा पत्त्यावर आधारित होती. ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेने विशिष्ट यंत्राचे नाव परवानगीच्या यादीत घालता येत असे. मात्र त्या यंत्रावर एकाच वेळी अनेक जण काम करत असतील, तर त्या सर्वांनाच परवानगी मिळे. या आज्ञेला नुसते अधिकचे चिन्ह दिल्यास यादीची तपासणीच बंद होऊन कोणत्याही यंत्रावरील कोणालाही जोडणी करता येत असे. जोडणी होत नाही अशी अडचण आली की हा सोपा उपाय अनेकदा केला जाई आणि तो पुन्हा मागे घेण्याचे राहून जाई. ही स्थिती सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक सूचीत सीव्हीई-१९९९-०५२६ या क्रमांकाने नोंदलेली आहे.

कुकीवर आधारित परवानगी

पुढे ‘एमआयटी मॅजिक कुकी’ ही पद्धत रूढ झाली. सत्र सुरू होताना १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या तयार होते आणि ती वापरकर्त्याच्या गृहफोल्डरमधील एका फाइलमध्ये ठेवली जाते. जो क्लायंट ही संख्या सादर करील, त्याला सर्व्हर आत घेतो. यामुळे परवानगी यंत्राऐवजी त्या वापरकर्त्याशी जोडली गेली. मात्र ही संख्या जाळ्यावरून उघड्या स्वरूपात जाते. ती एकदा टिपणाऱ्याला सत्र संपेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरता येते. गृहफोल्डर जाळ्यावरील सामायिक साठ्यात असेल, तर फाइल वाचली जातानाही तीच संख्या जाळ्यावरून प्रवास करते.

सर्व किंवा काहीच नाही

एक्स विंडो सिस्टीमचा अधिक मूलभूत दोष आत आल्यानंतरचा आहे. एकदा आत आलेल्या क्लायंटला इतर क्लायंटपासून वेगळे ठेवण्याची व्यवस्था मूळ रचनेत नव्हती. म्हणून कोणतीही आज्ञावली संपूर्ण पडद्याचे चित्र घेऊ शकते, दुसऱ्या खिडकीत दाबल्या जाणाऱ्या कळा नोंदवू शकते आणि वापरकर्त्याच्या नावाने कृत्रिम कळदाब पाठवू शकते. पडद्यावर एक साधे घड्याळ दाखवण्यासाठी जी परवानगी लागते, त्याच परवानगीने शेजारच्या खिडकीत टंकलेला पासवर्डही वाचता येतो.

१९९६ च्या अखेरीस या प्रणालीत एक सुरक्षा-विस्तार जोडण्यात आला. त्याने क्लायंटचे विश्वासू आणि अविश्वासू असे दोन वर्ग केले. अविश्वासू क्लायंटला इतरांच्या खिडक्या वाचता येत नाहीत. मात्र अनेक आज्ञावली या बंधनाखाली नीट चालत नसल्यामुळे विस्ताराचा प्रत्यक्ष वापर मर्यादित राहिला.

एसएसएचमार्फत अग्रेषण

हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातील टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा सुरक्षित जोडणीचा संकेत तयार केला. त्यात एक्सचे चित्र कूटबद्ध मार्गातून नेण्याची सोय होती. या व्यवस्थेत दूरच्या यंत्राला खरी कुकी दिलीच जात नाही. एसएसएच तेथे एक बनावट कुकी ठेवते आणि जोडणी वापरकर्त्याच्या यंत्रापर्यंत परत आल्यावर तिच्या जागी खरी कुकी घालते. त्यामुळे मार्गावर टिपण्यासारखे काही उरत नाही आणि ६००० हा पोर्ट जाळ्यासाठी उघडा ठेवण्याचीही गरज राहत नाही.

तरीही हा उपाय मार्गापुरताच आहे. दूरच्या यंत्राचा प्रशासक, किंवा त्या यंत्राचा ताबा मिळवलेला हल्लेखोर, अग्रेषित मार्गाचा उपयोग करून वापरकर्त्याच्या स्वतःच्या पडद्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच ओपनएसएसएचमध्ये अग्रेषणाचे दोन पर्याय आहेत. ‘-एक्स’ हा पर्याय दूरच्या आज्ञावलीला अविश्वासू वर्गात ठेवतो, तर ‘-वाय’ हा तिला पूर्ण विश्वास देतो. डेबियन या लिनक्स वितरणात मूळ मांडणी अशी आहे की दोन्ही पर्यायांचा परिणाम सारखाच, म्हणजे पूर्ण विश्वासाचा होतो. त्यामुळे पर्यायाचे नाव पाहून सुरक्षेचा अंदाज बांधता येत नाही. यंत्रावरील मांडणी तपासावी लागते.

एक्स.ऑर्ग सर्व्हरच्या २०१५ मधील १.१७ या आवृत्तीपासून टीसीपीवरून थेट जोडणी स्वीकारणे मूळ मांडणीतच बंद करण्यात आले. २००८ मध्ये क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या नव्या रचनेत एका आज्ञावलीला दुसरीची खिडकी किंवा कळदाब दिसत नाहीत. पडद्याचे चित्र घ्यायचे असल्यास वेगळ्या मध्यस्थ सेवेमार्फत आणि बहुधा वापरकर्त्याला विचारून घ्यावे लागते.

व्हीएनसी

व्हीएनसीमध्ये ‘रिमोट फ्रेमबफर’ हा संकेत वापरला जातो आणि त्याचा नेहमीचा पोर्ट ५९०० हा आहे. सर्व्हर पडद्याचे बदललेले आयताकृती भाग पाठवतो आणि पाहणारा कळा व माउस यांच्या हालचाली परत पाठवतो. ही रचना अतिशय साधी असल्यामुळे ती लहान उपकरणांतही बसवता येते.

मूळ पासवर्ड-पद्धतीत सर्व्हर १६ बाइटांचे एक यादृच्छिक आव्हान पाठवतो. पाहणारा पासवर्डलाच किल्ली मानून डीईएस या पद्धतीने ते कूटबद्ध करून परत करतो. पासवर्ड स्वतः जाळ्यावरून जात नाही, हा या पद्धतीचा गुण आहे. परंतु डीईएसची किल्ली आठ अक्षरांतच बसत असल्यामुळे पासवर्डमधील आठव्या अक्षरानंतरचा भाग दुर्लक्षिला जातो. आव्हान आणि उत्तर दोन्ही टिपल्यास हल्लेखोराला आपल्या संगणकावर निवांतपणे पासवर्डचे अंदाज करून पाहता येतात. शिवाय पडताळणी झाल्यानंतरचे चित्र आणि कळदाब मूळ संकेतात कूटबद्ध होत नाहीत. मार्च २०११ मध्ये आरएफसी ६१४३ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या संकेत-वर्णनातही ही पद्धत दुर्बल असल्याचे आणि अविश्वासू जाळ्यावर तिच्यावर विसंबू नये, असे नमूद आहे.

२००६ मध्ये रिअलव्हीएनसीच्या ४.१.१ या आवृत्तीत एक गंभीर दोष आढळला (सीव्हीई-२००६-२३६९). जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हर आपल्याला मान्य असलेल्या पडताळणी-पद्धतींची यादी पाठवतो आणि पाहणाऱ्याने त्यांतील एक निवडायची असते. पाहणाऱ्याने यादीत नसलेली ‘पडताळणी नको’ ही पद्धत निवडली, तरी सर्व्हर ती मान्य करत असे. निवड यादीतलीच आहे की नाही, हे तपासणेच राहून गेले होते. परिणामी पासवर्ड कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नव्हता.

आरडीपी

आरडीपीचा नेहमीचा पोर्ट ३३८९ हा आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत माहिती कूटबद्ध होत असे, परंतु आपण खऱ्या सर्व्हरशीच बोलत आहोत याची खात्री क्लायंटला करता येत नसे. त्यामुळे मध्येच बसून दोन्ही बाजूंना फसवणे शक्य होते. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सुधारणा-संचात टीएलएसचा आधार देण्यात आला. विंडोज व्हिस्टापासून ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ ही पद्धत आली. तिच्यात ओळख पटल्याशिवाय सर्व्हर चित्राचे सत्र उघडतच नाही.

या क्रमाचे महत्त्व मे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. ‘ब्लूकीप’ या नावाने ओळखल्या गेलेल्या दोषामुळे (सीव्हीई-२०१९-०७०८) ओळख पटण्यापूर्वीच्या टप्प्यात सर्व्हरचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी, आधार केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असलेल्या यंत्रांवर खाते माहीत नसलेल्या हल्लेखोराचा हा मार्ग अडवला जात होता.

नेटवर्क प्रोजेक्टर

पडद्यावरील संकेतांक

प्रोजेक्टर बहुधा अनेकांच्या वापराचा असतो. वर्गात दर तासाला शिक्षक बदलतात, सभागृहात दर बैठकीला वक्ता बदलतो. प्रत्येकासाठी खाते उघडणे व्यवहार्य नसल्यामुळे अनेक उत्पादकांनी पडद्यावर संकेतांक दाखवण्याची पद्धत स्वीकारली. प्रोजेक्टर चार अंकी संख्या पडद्यावर दाखवतो आणि सादरकर्ता ती आपल्या संगणकात भरतो. ज्याला पडदा दिसतो तो खोलीत आहे आणि जो खोलीत आहे त्याला परवानगी आहे, असे तिचे तत्त्व आहे. एअरप्लेमध्येही पडद्यावर संकेतांक दाखवण्याची सोय आहे.

ही पद्धत जुन्या केबलच्या सर्वांत जवळ जाते. मात्र ती तीन अटींवर टिकते: संकेतांक दर वेळी बदलला पाहिजे, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असली पाहिजे आणि संकेतांकाशिवाय आत जाण्याची दुसरी वाट नसली पाहिजे. चार अंकांच्या केवळ १०,००० संख्या होतात. प्रयत्नांवर मर्यादा नसेल आणि सेकंदाला दहा प्रयत्न करता येत असतील, तर सर्व संख्या तपासून होण्यास १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे पुरतात. एवढ्या वेळात एक तासिकाही संपत नाही.

पीजेलिंक

पीजेलिंक हा संकेत टीसीपीच्या ४३५२ या पोर्टवर चालतो. त्यातील आज्ञा लहान आणि वाचता येण्याजोग्या मजकुराच्या असतात. पासवर्ड ठेवलेला असल्यास प्रोजेक्टर जोडणीच्या वेळी एक यादृच्छिक संख्या पाठवतो. नियंत्रक तिच्यापुढे पासवर्ड जोडून त्याचे एमडी५ मूल्य काढतो आणि ते आज्ञेसोबत पाठवतो. व्हीएनसीप्रमाणेच येथेही पासवर्ड थेट जाळ्यावर येत नाही आणि व्हीएनसीप्रमाणेच टिपलेल्या जोडणीवरून त्याचे अंदाज करता येतात. आज्ञा स्वतः कूटबद्ध नसतात. पासवर्ड ठेवणे संकेतानुसार ऐच्छिक असून तो बंद असल्यास पोर्टपर्यंत पोहोचणाऱ्या कोणालाही प्रोजेक्टर बंद करता येतो किंवा दुसऱ्या स्रोताकडे वळवता येतो.

दोन जाळ्यांमधील दुवा

केबलविना सादरीकरण करणारी अनेक उपकरणे एकीकडे पाहुण्यांसाठी स्वतःचे वाय-फाय चालवतात आणि दुसरीकडे संस्थेच्या तारेच्या जाळ्याला जोडलेली असतात. अशा उपकरणाचा ताबा गेल्यास पाहुण्यांचे जाळे आणि आतील जाळे यांमध्ये फायरवॉलला वळसा घालणारी वाट तयार होते. संगणकांप्रमाणे या उपकरणांवर विषाणूरोधक आज्ञावली नसते आणि त्यांचे फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी संगणक विभागाकडे की दृक्-श्राव्य साहित्य पाहणाऱ्याकडे, हे अनेक संस्थांत स्पष्ट नसते.

उघडकीस आलेले दोष आणि घटना

एप्सन ईझीएमपी (२०१७): एप्सनच्या प्रोजेक्टरांसाठी असलेल्या ईझीएमपी या आज्ञावलीसंबंधी दोन दोष नोंदवले गेले. पडद्यावर दिसणाऱ्या संकेतांकाखेरीज सर्व प्रोजेक्टरांना चालणारा एक कायमस्वरूपी संकेतांक त्यात होता (सीव्हीई-२०१७-१२८६०). तसेच चार अंकी संकेतांक एकामागून एक तपासून ओळखता येत होता (सीव्हीई-२०१७-१२८६१). वर सांगितलेल्या अटींपैकी दोन अटी येथे एकाच वेळी मोडल्या होत्या.

मिराई (मार्च २०१९): कॅमेरे व राउटर यांना लक्ष्य करणाऱ्या मिराई या दुष्प्रणालीचा एक नवा प्रकार वीप्रेझेंट या सादरीकरण उपकरणांवर आणि जाहिरात-पडद्यांसाठीच्या दूरचित्रवाणी संचांवर हल्ला करत असल्याचे पालो अल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. घरगुती उपकरणांकडून कार्यालयीन उपकरणांकडे वळण्याचे हे लक्षण मानले गेले.

सामायिक फर्मवेअर (एप्रिल २०१९): टेनेबल या कंपनीच्या संशोधकांनी क्रेस्ट्रॉनच्या एअरमीडिया उपकरणांत अनेक दोष शोधले. त्यांपैकी सीव्हीई-२०१९-३९२९ या दोषामुळे ओळख न पटवता, जाळ्यावरून उपकरणाला प्रशासकाच्या अधिकारात आज्ञा देता येत होत्या. हाच दोष बार्को, एक्स्ट्रॉन, शार्प, ऑप्टोमा आणि इन्फोकस यांच्या काही उपकरणांतही आढळला. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या या उपकरणांत मूळ आज्ञावली एकच होती. त्यामुळे खरेदीदाराने उत्पादक बदलला तरी दोष बदलत नव्हता.

क्लिकशेअर (डिसेंबर २०१९): बैठकीत एका बटणाने सादरीकरण सुरू करून देणाऱ्या बार्कोच्या क्लिकशेअर या प्रणालीतील दोष एफ-सिक्युअर या कंपनीने प्रसिद्ध केले. काही दोषांचा उपयोग करण्यासाठी उपकरण प्रत्यक्ष हाती असणे आवश्यक होते. उत्पादकाने फर्मवेअरमध्ये सुधारणा केल्या. तथापि यंत्रभागाशी निगडित काही बाबी सुधारणेने पूर्णपणे दूर होण्यासारख्या नव्हत्या.

क्रोमकास्ट (जानेवारी २०१९): राउटरमधील पोर्ट आपोआप उघडणाऱ्या सोयीमुळे अनेक घरांतील क्रोमकास्ट आणि स्मार्ट टीव्ही इंटरनेटवर थेट उघडे पडले होते. त्यांच्यावर एका यूट्यूब वाहिनीच्या प्रचाराचा संदेश दाखवण्यात आला. घरातील जाळ्यावरचा प्रत्येक जण घरचाच असतो, हे गृहीतक येथे राउटरच्या एका मांडणीमुळे कोलमडले.

इलिनॉयमधील शाळा (एप्रिल २०२१): अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील ‘टाउनशिप हायस्कूल डिस्ट्रिक्ट २१४’ या शिक्षण विभागाच्या शाळांत ३० एप्रिल २०२१ रोजी वर्गांतील प्रोजेक्टर आणि दूरचित्रवाणी संच एकाच वेळी चालू होऊन त्यांवर रिक ॲस्टली या गायकाच्या गाण्याची चित्रफीत लागली. हे काही विद्यार्थ्यांनी केले होते. चित्र पोहोचवणाऱ्या उपकरणांवर कारखान्यातून आलेलेच पासवर्ड ठेवलेले होते आणि ती उपकरणे प्रोजेक्टरला चालू होण्याची आज्ञाही देऊ शकत होती. विद्यार्थ्यांनी नंतर दोषांचा २६ पानांचा अहवाल विभागाला पाठवला आणि विभागाने त्यांच्यावर कारवाई केली नाही. प्रसंग गमतीचा ठरला. मात्र याच मार्गाने खोटी आपत्कालीन सूचना किंवा आक्षेपार्ह दृश्येही प्रत्येक वर्गात दाखवता आली असती.

संरक्षणाचे उपाय

जाळ्याची विभागणी: प्रोजेक्टर आणि सादरीकरण उपकरणे स्वतंत्र आभासी जाळ्यात ठेवली जातात. त्या जाळ्यातून संस्थेच्या इतर यंत्रांकडे नव्याने जोडणी सुरू करता येणार नाही, अशी फायरवॉलची मांडणी केली जाते. नियंत्रणाचे व व्यवस्थापनाचे पोर्ट फक्त नियंत्रक संगणकासाठी खुले ठेवले जातात. यामुळे उपकरणातील दोष दूर होत नाही, परंतु त्याचा परिणाम उपकरणापुरता राहतो.

मूळ पासवर्ड बदलणे: व्यवस्थापनाचा वेब सर्व्हर, पीजेलिंक आणि उपकरणाचे स्वतःचे वाय-फाय या प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असू शकतो. त्यांतील एकच बदलला जाऊन बाकीचे तसेच राहणे ही नेहमी आढळणारी उणीव आहे.

संकेतांकाचा योग्य वापर: संकेतांक प्रत्येक सत्राला बदलेल अशी मांडणी निवडली जाते. काही प्रणालींत नवे चित्र दाखवण्यापूर्वी चालू सादरकर्त्याची संमती घेण्याची सोय असते. परीक्षा, न्यायालयीन कामकाज किंवा वैद्यकीय बैठका अशा ठिकाणी ती उपयुक्त ठरते.

कूटबद्ध मार्ग: व्हीएनसी आणि एक्स थेट जाळ्यावर न चालवता एसएसएच, टीएलएस किंवा व्हीपीएनमधून नेले जातात. आरडीपी इंटरनेटवर थेट उघडा न ठेवता नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन सक्तीचे केले जाते.

अनावश्यक सेवा बंद करणे: केबलनेच चालणाऱ्या प्रोजेक्टरला वाय-फाय चालू ठेवण्याची गरज नसते. ज्या उपकरणाचे नियंत्रण जाळ्यावरून होत नाही, त्याचा पीजेलिंक बंद ठेवता येतो.

फर्मवेअर आणि आयुर्मान: प्रोजेक्टर दहा-दहा वर्षे वापरात राहतो, पण त्याच्या फर्मवेअरला तितका काळ सुधारणा मिळतेच असे नाही. अशा उपकरणाचा दिवा चांगला असला तरी त्याची जाळ्याची जोडणी काढून ते पुन्हा केबलवर वापरणे हा सुरक्षित पर्याय असतो.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतात अशा प्रकरणांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० लागू होतो. या अधिनियमातील संगणकाच्या व्याख्येत संगणकाला जोडलेल्या आदान व प्रदान सुविधांचाही समावेश असल्यामुळे जाळ्याला जोडलेला प्रोजेक्टर तिच्या कक्षेत येतो. मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणक किंवा जाळ्यात प्रवेश करणे कलम ४३ नुसार भरपाईस पात्र आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुरक्षाविषयक घटनांसाठी कलम ७०ब खाली ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था नेमलेली आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. जाळ्याला जोडलेल्या उपकरणांवरील हल्ल्यांचा या प्रकारांत समावेश होतो.

हे सुद्धा पाहा

एक्स विंडो सिस्टीम
व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग
रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल
एसएसएच
संगणक सुरक्षा
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००